एमईपी आणि ग्रीन बिल्डिंगचा कोर्स: शिकून, साइटवर राबून झाल्यावरचा अनुभव

मेकॅनिकल झाल्यावर नागपूरची बहुतेक मुलं पुण्याची गाडी पकडतात. मी इथेच राहून बिल्डिंग सर्व्हिसेस आणि सस्टेनेबल कन्स्ट्रक्शनचा कोर्स केला, आणि गेले बरेच महिने मिहानकडच्या एका साइटवर एमईपी (मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग) इंजिनिअर म्हणून काम करते आहे. ज्युनिअर मुलंमुली सारखी विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

इमारतीत हवा, वीज, पाणी, सांडपाणी, लिफ्ट आणि आगीपासून बचाव, एवढं सगळं या विषयात येतं. नॅशनल बिल्डिंग कोड 2016 उघडून बसायची सवय लागली, हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा फायदा. भाग 8 सर्व्हिसेसचा, भाग 9 प्लंबिंगचा, भाग 4 अग्निसुरक्षेचा. साइटवर वाद झाला की आवाज चढवण्यापेक्षा कलम दाखवलेलं चालतं.

पण मला खरी गोडी लागली ती हीट लोडमुळे, म्हणजे खोली थंड ठेवायला किती उष्णता बाहेर काढावी लागते याच्या हिशोबामुळे. बाजारात हिशोब सरसकट असतो: शंभर-सव्वाशे चौरस फुटांना एक टन. नीट मांडायला घेतलं की कळतं, एकाच आकाराच्या दोन खोल्या असतात, एकीवर तापलेला स्लॅब आणि पश्चिमेला काच, दुसरी मधल्या मजल्यावर उत्तरेला. दोघींचा लोड सारखा येईल कसा? एक टन म्हणजे साधारण 3.5 किलोवॅट उष्णता बाहेर फेकण्याची क्षमता. खिडकीवर छज्जा आणि गच्चीवर इन्सुलेशन आलं की मशीनच लहान लागतं. वीज वाचवण्याचं काम मशीन निवडण्याच्या कितीतरी आधी, नकाशावर सुरू होतं.

आपला कूलरही मला इथेच समजला. मे महिन्यात पारा 45 वर आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर वेट बल्ब तापमान, म्हणजे पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जितकी थंड होऊ शकते ते, 23-24 अंशांच्या आसपास असतं. चांगल्या ओल्या पॅडमधून आलेली हवा 28 पर्यंत उतरू शकते. जुलैत 32 अंश आणि 80 टक्के आर्द्रता झाली की तोच कूलर जेमतेम दोन-अडीच अंश खाली आणतो आणि अंग चिकट होतं ते वेगळंच. कोडमध्ये नागपूर संमिश्र हवामानात मोडतं, ते यासाठीच. इथल्या वर्कशॉपला, मोठ्या स्वयंपाकघराला नवतप्यात (मे अखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत) एसी लागत नाही, कूलर पुरतो; पावसाळ्यात हवा खेळती ठेवण्याची सोय लागते. दुसऱ्या शहराचं डिझाइन उचलून इथे लावणारे सल्लागार पाहिले की मला मनापासून राग येतो.

साइटवर पहिल्याच आठवड्यात कळलं की पोटापाण्याचं कौशल्य आहे कोऑर्डिनेशन. फॉल्स सीलिंगच्या वर वीतभर जागा, त्यात डक्ट, स्प्रिंकलरचा पाइप, केबल ट्रे आणि एसीची ड्रेन लाइन. प्रत्येक कॉन्ट्रॅक्टरला आपली लाइन आधी टाकायची असते. आमच्याकडे नियम ठरला: उतार लागतो त्या पाइपला पहिली जागा, कारण पाणी चढ चढत नाही. मग डक्ट, कारण तो रुंद आणि वळवायला महाग. ट्रे आणि स्प्रिंकलर वळसा घेऊ शकतात. स्लॅब ओतण्याआधी स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी ठेवायची नळी) राहिली, की नंतर कोअर कटिंग, म्हणजे तयार काँक्रीटला भोक पाडणं, आणि स्ट्रक्चरवाल्यांची मनधरणी. वर्गात यावर जेमतेम एक तास मिळाला. मी जिथे शिकले तिथे प्लांट रूमही (एसी, पंप अशी मोठी यंत्रं असतात ती खोली) फक्त स्लाइडवर दाखवली आणि रेव्हिट हे इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर घाईघाईत उरकलं. एवढी फी घेऊन हे चालायला नको.

सस्टेनेबिलिटीचा भाग मात्र इथे डोळ्यांसमोर आहे. नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, आणि तिथल्या राखेच्या विटा आपल्या साइटवर येतात. इमारतीत तेच छोट्या प्रमाणावर करायचं: एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं) पाणी फ्लशिंगला आणि एसीची उष्णता बाहेर सोडणाऱ्या कूलिंग टॉवरला. मेट्रो स्टेशनांच्या छतांवरचं सोलर तर रोज दिसतं. ईसीबीसी म्हणजे ऊर्जा संवर्धन इमारत संहिता 2007 साली आली, 2017 मध्ये सुधारली. 100 किलोवॅटच्या वर कनेक्टेड लोड असलेल्या व्यावसायिक इमारती तिच्या कक्षेत येतात. म्हणजे हे काम जाणणारी माणसं लागणारच आहेत. ग्रिहा किंवा आयजीबीसी या ग्रीन बिल्डिंग रेटिंगचं सर्टिफिकेट बायोडेटावर शोभतं, पण ज्याला पंपाचा हेड (पाणी ढकलायला लागणारा दाब) काढता येत नाही त्याला नुसत्या रेटिंगचे पॉइंट मोजण्यावर कुणी फार दिवस ठेवत नाही.

पगार? सुरुवात आयटीतल्या मित्रांपेक्षा कमी, दिवस लांब, आणि मुलींसाठी साइटवर स्वच्छ टॉयलेट असेलच असं नाही. जॉइन होण्याआधी हे स्पष्ट विचारा, लाजू नका. मोठी डिझाइन ऑफिसं पुण्या-मुंबईत आहेत, तेव्हा कधीतरी बाहेर पडावं लागेल हेही धरून चाला. फायरकडे ओढा असेल तर राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरातच आहे. ती वाट आधी तपासा. मी स्वतः बीईईच्या (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) एनर्जी ऑडिटर परीक्षेकडे डोळे लावून आहे, तिला अनुभवाची अट आहे, म्हणून सध्या साइट सोडणार नाही.

फी भरण्याआधी क्लासवाल्यांना दोनच गोष्टी विचारा: चालू चिलर प्लांट (मोठ्या इमारतीच्या एसीसाठी पाणी थंड करणारी यंत्रणा) दाखवायला कधी नेणार, आणि एका पूर्ण इमारतीचा हीट लोड आमच्या हातून करून घेणार का. दोन्हीला तारखेसकट उत्तर मिळालं तर बिनधास्त प्रवेश घ्या.