विंडोज ११ चं मासिक अपडेट : छोट्या ऑफिसने कधी घ्यावं, बिघडलं तर काय करावं

निकाल आधीच देऊन टाकतो. विंडोज ११ चं मासिक अपडेट घ्यायलाच हवं, पण आलं त्या दिवशी घेऊ नये. फोर्टमधलं सीएचं ऑफिस, गिरगावातलं डीटीपीचं दुकान, अंधेरी एमआयडीसीतलं वर्कशॉप अशी ठिकाणं डोळ्यांसमोर ठेवून हे परीक्षण लिहिलं आहे. चार ते पंधरा कॉम्प्युटर, एक भाड्याचं झेरॉक्स मशीन, शेअर केलेला प्रिंटर आणि ड्रॉवरमध्ये डिजिटल सहीची टोकन (पेनड्राइव्हसारखी, यूएसबीला लावायची), एवढाच संसार. मोठ्या कंपन्यांत अपडेट आधी तपासून बघायला माणसं ठेवलेली असतात. इथे ते कोणी करत नाही, आणि काम अडतं ते थेट गिऱ्हाइकासमोर.

आधी तारखांचं गणित. मायक्रोसॉफ्ट हे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी १० वाजता सोडते. तेव्हा मुंबईत रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, तिकडच्या हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे आपल्याला ते भेटतं बुधवारी सकाळी. दुसरा मंगळवार कायम ८ ते १४ तारखेच्या दरम्यान पडतो. आता कॅलेंडर बघा: जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) ची मुदत ११, तिमाही भरणाऱ्यांची १३, मासिक जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं विवरणपत्र) ची २०. कंपन्यांना आणि एलएलपींना विवरणपत्रावर डिजिटल सही लागते. अपडेटने सही बंद पडण्याची शक्यता आणि सही करण्याची मुदत, दोन्ही साधारण एकाच सुमारास येतात.

त्यामुळे होम आवृत्ती असेल तर ७ तारखेला सेटिंग्ज, विंडोज अपडेट, पॉज या वाटेने दोन आठवड्यांचा पॉज द्यावा. तो २१ ला संपतो. प्रो आवृत्तीत दर महिन्याला आठवण ठेवायची गरज नाही. ग्रुप पॉलिसीमध्ये (प्रोमधला सेटिंग्जचा खास विभाग) क्वालिटी अपडेट, म्हणजे हेच मासिक अपडेट, पुढे ढकलण्याची सोय आहे, कमाल ३० दिवसांची. तिथे १४ भरावेत. अपडेट मग आपोआप २२ ते २८ च्या दरम्यान येतं, म्हणजे कायम मासिक ३बी नंतर. ही एक सोय मिळते म्हणूनसुद्धा छोट्या ऑफिसने होमऐवजी प्रो घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. ‘नवीन अपडेट उपलब्ध होताच मिळवा’ या अर्थाचं बटण बंदच ठेवावं. महिन्याच्या शेवटी येणारं ऐच्छिक, म्हणजे प्रिव्ह्यू अपडेट तर कामाच्या मशीनवर कधीच घेऊ नये. दोन आठवडे उशीर म्हणजे तेवढे दिवस सुरक्षेचं भोक उघडं, हे खरं आहे. एखाद्या भोकाचा प्रत्यक्ष गैरवापर सुरू झाल्याची बातमी आली, तर सहीचं काम नसलेल्या एका मशीनवर अपडेट लगेच घालावं आणि दोन दिवस नीट चाललं की बाकीच्यांवर.

बिघाड झाला की पहिला प्रश्न एकच विचारायचा: ही चूक आहे की धोरण? चूक असेल तर मायक्रोसॉफ्ट ती दुरुस्त करते, आपण थांबायचं. धोरण असेल तर दुरुस्ती कधीच येणार नाही. सुरक्षेसाठी मुद्दाम केलेला बदल आपल्या जुन्या मांडणीला अडवतो आहे, म्हणून बदलायची ती मांडणी. बहुतेक वेळ वाया जातो तो धोरणाला चूक समजून अपडेट पुन्हा पुन्हा काढण्यात. मायक्रोसॉफ्टच्या रिलीज हेल्थ पानावर आपल्या आवृत्तीखाली माहीत असलेल्या अडचणींची यादी असते. ती वाचल्याशिवाय कशालाही हात लावू नये.

सहीचं उदाहरण सगळ्यांत बोचरं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटपासून विंडोज आरएसए प्रकारच्या स्मार्ट कार्ड प्रमाणपत्रांसाठी (सहीचं टोकनही याच जातीचं) जुन्या सीएसपीऐवजी नवं केएसपी वापरायला लागलं; दोन्ही म्हणजे सहीची किल्ली हाताळणारे विंडोजमधले भाग. हे धोरण होतं, एक भोक बुजवण्यासाठी आणलेलं. पण ३२ बिटची सॉफ्टवेअर जुनीच वाट शोधतात. त्यांना कार्ड दिसेनासं झालं आणि कागदपत्रावर सही होईना. आपल्याकडचं प्रत्येक टोकन यात सापडतं असं नाही, कारण काही टोकनांचा ड्रायव्हर स्वतःची वेगळी वाट आणतो. अपडेट घालण्यापूर्वी ओळखायची खूण आहे: इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत, सिस्टम लॉगमध्ये स्मार्ट कार्ड सेवेची ६२४ क्रमांकाची नोंद दिसली, तर ते मशीन धोक्यात आहे. तात्पुरता उपाय मायक्रोसॉफ्टने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, दिला. लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, क्रिप्टोग्राफी, कॅलेस या कप्प्यात ‘डिसेबल कॅपी ओव्हरराइड फॉर आरएसए’ (DisableCapiOverrideForRSA) या नावाची किंमत शून्य करायची आणि मशीन रीस्टार्ट करायचं. आधी रजिस्ट्री एक्स्पोर्ट करून ठेवा. आणि हा उपाय कायमचा धरू नका. टोकनवाल्याकडून नवा ड्रायव्हर आणि सहीच्या सॉफ्टवेअरची ६४ बिट आवृत्ती मागून घ्या.

प्रिंटरचा इतिहास लांबलचक आहे. जुलै २०२१ मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचं भोक सापडलं आणि त्यानंतरच्या अपडेटनी शेअर केलेल्या प्रिंटरची छपाई ठिकठिकाणी मोडली. ११बी ने संपणारा एरर तेव्हापासून ओळखीचा. एका मशीनला यूएसबीने जोडलेला प्रिंटर बाकीच्यांना शेअर केला, की हा एरर येऊ शकतो, विशेषतः एक मशीन अद्ययावत आणि दुसरं मागे असेल तेव्हा. रजिस्ट्रीत एक किंमत शून्य करून छपाई चालू करता येते, आणि दुरुस्तीवाले बहुधा तेच करून जातात. ते करू नये, कारण त्याने छपाईतलं एक बुजवलेलं भोक पुन्हा उघडतं. प्रिंटरला लॅनचं पोर्ट असेल तर शेअरिंग बंदच करा. राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता पक्का करा, मग प्रत्येक मशीनवर ‘टीसीपी/आयपी पत्त्याने प्रिंटर जोडा’ हा पर्याय घेऊन कंपनीचाच ड्रायव्हर घाला. यात मधलं मशीन उरतच नाही, त्यामुळे ते बंद असलं तरी छपाई चालते.

याउलट शुद्ध चुकीचा नमुना २९ जानेवारी २०२५ च्या प्रिव्ह्यू अपडेटने दाखवला. यूएसबीचे काही प्रिंटर चालू करताच आपोआप पानं ओकू लागले: वर ‘पोस्ट’ने सुरू होणारी ओळ, खाली अक्षरांचा कचरा. कॉम्प्युटर प्रिंटरला जो आतला निरोप पाठवतो, तोच कागदावर उतरत होता. बघणाऱ्याला वाटणार व्हायरस, नाहीतर कार्ट्रिज गेलं. त्याची दुरुस्ती २५ मार्चच्या प्रिव्ह्यूत आली. म्हणजे चूक असली तरी आठवड्यात सुटेलच याची हमी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑटोकॅडसारखी सॉफ्टवेअर साध्या खात्यावर ॲडमिनची परवानगी मागू लागली होती, तेही पुढच्या महिन्यात सैल केलं गेलं.

झेरॉक्स मशीनवरून ‘स्कॅन टू फोल्डर’, म्हणजे स्कॅन थेट कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये पाठवणं, बंद पडलं असेल तर कारण बहुधा विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती. प्रोवर या आवृत्तीपासून फाइल शेअरिंगला डिजिटल स्वाक्षरी (टोकनची सही नव्हे, दोन मशीनमधल्या निरोपांवरची आतली खूण) सक्तीची झाली आणि पासवर्डशिवायचा पाहुणा प्रवेश अडवला गेला. भाड्याची जुनी मशीन दोन्हींत अडकतात. हेही धोरणच, तेव्हा वाट बघण्यात अर्थ नाही. कॉम्प्युटरवर ‘स्कॅन’ नावाचं वेगळं लोकल खातं काढा. त्याला पासवर्ड द्या, कारण कोऱ्या पासवर्डचं खातं नेटवर्कवरून आत घेतलं जात नाही. फक्त त्या एका फोल्डरवर लिहिण्याची परवानगी द्या, शेअरिंगच्या टॅबमध्येही आणि सिक्युरिटीच्या टॅबमध्येही. दुसरी जागा हमखास राहून जाते. मग मशीनच्या अ‍ॅड्रेस बुकात कॉम्प्युटरचं नाव, खातं, पासवर्ड भरा आणि मशीनच्या सेटिंगमध्ये एसएमबी (फाइल शेअरिंगची पद्धत) २ किंवा ३ चालू करा. तो पर्यायच नसेल तर मशीन भाड्याने देणाऱ्याला नवं फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) घालायला सांगा. तेही नसेल तर स्कॅन ईमेलवर घ्या. स्वाक्षरीची सक्ती काढून टाकणं शक्य आहे, पण एका झेरॉक्स मशीनसाठी सगळ्या ऑफिसचं दार ढिलं करणं मला पटत नाही.

अपडेट काढायचंच ठरलं तर सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अपडेट हिस्टरी, अनइन्स्टॉल अपडेट्स. इथे या उत्पादनाचा सगळ्यांत मोठा दोष दिसतो. सगळं एकाच पुडक्यात येतं. प्रिंटर बिघडवणारा भाग काढायचा तर त्या महिन्याच्या सुरक्षेच्या सगळ्या दुरुस्त्याही जातात. ‘नोन इश्यू रोलबॅक’ची सोय त्यातल्या त्यात बरी: मायक्रोसॉफ्ट लांबूनच नेमका बिघडलेला भाग मागे घेते, आपण फक्त मशीन रीस्टार्ट करायचं. पण ती सुरक्षेच्या बदलांना लागू होत नाही.

मशीन सुरूच होत नसेल तर रिकव्हरीच्या निळ्या पडद्यातून अपडेट काढता येतं. गेल्या काळातली सर्वांत गंभीर चूक मात्र तिथेच झाली. ऑक्टोबर २०२५ च्या त्याच अपडेटने, ऐन दिवाळीच्या तोंडावर, रिकव्हरीत यूएसबीचा माउस आणि कीबोर्ड मेले. पर्याय दिसत होते, निवडता येत नव्हते. दुरुस्ती २० ऑक्टोबरला, वेगळं अपडेट काढून आली. तोवर चाललं ते टचस्क्रीन, गोल पिनचा जुना पीएस/२ कीबोर्ड किंवा आधी करून ठेवलेला रिकव्हरी पेनड्राइव्ह. सहा-सात वर्षांपूर्वीच्या डेस्कटॉपला ते गोल पोर्ट असेल तर लॅमिंग्टन रोडवरून असा एक कीबोर्ड आणून कपाटात ठेवावा. रिकव्हरी पेनड्राइव्ह तर प्रत्येक ऑफिसात हवाच.

त्याच कपाटात बिटलॉकरच्या (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ आकडी किल्ल्या कागदावर छापून ठेवाव्यात, प्रत्येक मशीनची वेगळी, मशीनच्या नावासकट. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर अनेक मशीन थेट किल्ली मागत उघडली होती. मायक्रोसॉफ्ट खात्याने सेट केलेल्या नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, होम आवृत्तीतसुद्धा, आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. किल्ली बहुधा त्या खात्यात साठवलेली असते. ते खातं दुकानदाराने किंवा नोकरी सोडून गेलेल्या मुलाने स्वतःच्या ईमेलवर काढलं असेल, तर आजच्या आज बदलून घ्या.