एअर पिस्तुलची ग्रिप बदलायचीय: रेडीमेड, मापाची, थ्रीडी प्रिंट, की आहे तीच एम-सील भरून?

रेंजवर हल्ली पालक भेटले की हमखास हाच विषय निघतो. मुलीसाठी सेकंडहँड पिस्तुल घेतलंय, स्टायर कंपनीचं आहे किंवा मोरिनीचं आहे, चालतंय मस्त पण ग्रिप (हातात धरायची मूठ) आधीच्या मालकाच्या हाताची, मग आता नवीन ग्रिप घेऊ, मापाची करून घेऊ की आहे तीच भरून घेऊ. मी या चारही प्रकारांतून गेलोय, काही स्वतःच्या पिस्तुलावर आणि काही भाचीच्या, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय.

आधी एक हिशोब सांगतो म्हणजे ग्रिपवर एवढं का बोलतोय ते कळेल. १० मीटर एअर पिस्तुलच्या टार्गेटवर १० ची रिंग ११.५ मिमीची, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत पावणेसहा मिमी. नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या साईटमधलं अंतर साधारण ३५० मिमी धरलं आणि पुढची म्हणजे फ्रंट साईट मागच्या साईटच्या खाचेत नुसती ०.२ मिमी सरकली, तर टार्गेटवर शॉट जवळपास पावणेसहा मिमी सरकतो, म्हणजे मधला १० गेला थेट कडेवर. आणि ग्रिप हातात बसत नसेल तर प्रत्येक वेळी पिस्तुल उचलताना मनगट वळवून साईट जुळवावी लागते, पहिल्या २० शॉटला हे जमून जातं पण मॅच ६० शॉटची, ७५ मिनिटांची, चाळिसाव्या शॉटनंतर दमलेलं मनगट आपल्या मूळ जागी परत जायला लागतं आणि मग मुलीला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय, हे बघून फार वाईट वाटतं हो.

म्हणून पैसे काढायच्या आधी एक टेस्ट करा. हवेचा सिलिंडर काढलेला, आत पेलेट (छर्रा) नाही हे दोनदा बघितलेलं, आणि मग नेहमीसारखं पकडून डोळे मिटून हात वर न्यायचा, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. फ्रंट साईट खाचेत कुठे दिसते ते बघायचं, असं दहा वेळा. दर वेळी वेगळीकडे दिसली तर ग्रिपचा दोष नाही, पकडच अजून पक्की झालेली नाही, तेव्हा काहीही विकत घेऊ नका. दर वेळी वर किंवा खालीच दिसली तर ग्रिपचा कल बदलून बघा, काही मॉडेलमध्ये त्यासाठी वेगळे स्क्रू असतात, एक पैसा लागत नाही. दर वेळी डावीकडे किंवा उजवीकडेच दिसली तर मात्र ग्रिपच्या लाकडाचं काम आहे, म्हणजे तिचा आकारच बदलायला हवा.

आता रेडीमेड आणि एम-सील यातलं. साईझच चुकीची असेल, म्हणजे हात एस आणि ग्रिप एल, तर भरून काही होत नाही, बोट ट्रिगरपर्यंत ताणूनच जातं, पहिल्या पेराच्या मधोमध ट्रिगर यायला पाहिजे तो टोकावर येतो, तिथे सरळ योग्य साईझची कंपनीची ग्रिप घ्या. घेताना मॉडेल नक्की सांगा कारण फ्रेमचा आकार आणि बोल्टची जागा वेगळी असते, एकाची दुसऱ्याला बसत नाही. डावखुरा असेल तर डाव्या हाताचीच लागते, उजवीची डावी होत नाही. पण साईझ बरोबर आहे आणि तळहातात एका जागी पोकळी वाटतेय, तर एम-सीलसारखं काही नाही, खरंच सांगतो. ग्रिप पिस्तुलावरून पूर्ण काढायची (लाकडाचा भुसा ट्रिगरमध्ये गेला तर वेगळंच काम निघतं, आणि मोरिनीचा ट्रिगर इलेक्ट्रॉनिक असेल तर अजूनच जपायचं), जिथे भरायचं तिथलं पॉलिश सँडपेपरने घासून खरबरीत करायचं, एम-सीलच्या दोन्ही कांड्या हातमोजे घालून एकच रंग होईपर्यंत मळायच्या, अंदाजाने थोडंच लावायचं, वर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म आणि मग नेहमीच्या पकडीने अलगद दाबून ठेवायचं. जोरात आवळलं तर आवळलेल्या हाताचा ठसा येतो आणि तो शूटिंगला उपयोगाचा नाही. रात्रभर सुकू द्यायचं, सकाळी कानस आणि सँडपेपर. भाचीच्या ग्रिपला अंगठ्याच्या बुडाशी फक्त नखाएवढ्या जाडीचा थर लागला होता, तेवढ्यात साईट मधे आली, तो दिवस मला अजून आठवतो, ती दहापैकी आठ वेळा डोळे उघडून हसली.

मापाची ग्रिप ही सुंदर गोष्ट आहे यात वाद नाही. जर्मनीतल्या रिंक या ग्रिप बनवणाऱ्या कंपनीसारखी घातली की हात आपोआप दर वेळी त्याच जागी जातो. पण ती युरोपातून येते, शिपिंग आणि कस्टम ड्यूटी वर लागते, वाट बघावी लागते, आणि मुख्य म्हणजे ती आजच्या हाताची असते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा हात वर्षभरात बदलतो, पकडही कोच बदलत असतात, त्या वयात मापाची ग्रिप करणं मला पटत नाही. हात वाढायचा थांबलाय, दोन-तीन वर्षं पकड तीच आहे, स्कोअर एका जागी अडकलाय, अशांनी जरूर करावी.

थ्रीडी प्रिंट आता आपल्याकडेही लोक करतात. स्वस्त, बिघडली तर परत काढता येते. पीएलए नावाचं प्रिंटिंगचं प्लास्टिक मात्र नको, ते साधारण ६० डिग्रीला मऊ पडतं आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत एवढं होतंच, अकोला-नागपूरवाल्यांना सांगायला नको. पीईटीजी किंवा नायलॉन घ्या.

आता बोल्ट, स्क्रू, वॉशर, ज्याकडे कोणी बघत नाही. बऱ्याच पिस्तुलांची ग्रिप एकाच लांब ॲलन बोल्टवर (डोक्यात षटकोनी खाच असलेला) असते. मी एकदा सेकंडहँड अक्रोडाची ग्रिप बसवताना हलू नये म्हणून ॲलन कीचा लांब दांडा धरून पिळलं आणि कट्ट असा आवाज आला, बोल्टच्या भोकापासून वर बारीक केसासारखी चीर. ती ग्रिप गेली ती गेलीच. तेव्हापासून कीचा आखूड दांडा, दोन बोटं, आणि थांबलं की थांबायचं. बोल्टच्या डोक्याखाली वॉशर हवाच, प्रिंटच्या ग्रिपला तर मोठा धातूचा, नाहीतर प्लास्टिक दाबाखाली हळूहळू खचतं आणि बोल्ट सैल होतो. बोल्ट त्याच मॉडेलचा घ्या, हार्डवेअरच्या दुकानातला जवळपासचा बसवून बघू नका, लांब असला तर आत टेकतो आणि ग्रिप घट्ट वाटते पण हलत असते. घट्ट झाल्यावर बोल्टच्या डोक्यावरून बाजूच्या वॉशरवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ मारा, रेघ तुटलेली दिसली म्हणजे बोल्ट फिरला.

खालची पामरेस्ट, म्हणजे तळहाताच्या कडेला खालून आधार देणारी फळी, तळहाताला नुसती टेकली पाहिजे. खूप जण ती वर दाबून बसवतात, सुरुवातीला पक्कं वाटतं, अर्ध्या तासाने हात फुगतो आणि बोटं बधिर. आणि ट्रिगरचं बोट लाकडाला कुठेही लागता कामा नये, मधून कागद सहज सरकला पाहिजे.

काहीही केलं तरी मॅचच्या नियमात बसलं पाहिजे. पिस्तुल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत मावलं पाहिजे, रुंद पामरेस्टवाले इथेच अडकतात. पामरेस्टचा ग्रिपशी कोन ९० अंशांपेक्षा कमी चालत नाही, ती किंवा अंगठ्याची जागा वरच्या बाजूला वळवलेली चालत नाही, मनगट मोकळं दिसलं पाहिजे. एम-सील भरताना उत्साहात हाताला मागून मिठी मारणारी कड तयार होते ती घासून टाका, नाहीतर बालेवाडीला मॅचच्या सकाळी इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे पिस्तुल तपासणीच्या टेबलावर कानस शोधत बसाल.

तर लहान मुलांसाठी माझं मत रेडीमेड योग्य साईझ अधिक थोडं एम-सील, आणि मॅचच्या किमान महिनाभर आधी, कारण साईट परत झिरो करायला, म्हणजे शॉट मधे पडेल अशी जुळवायला, आणि हाताला सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. मुंबई-कोकणात असाल तर जुलैत आणि परत दिवाळीच्या सुमारास बोल्ट तपासा, पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि नंतर आकसतं, तेव्हाच तो सैल होतो.