युआयपाथ ऑर्केस्ट्रेटर: टेनंट वेगळे काढायचे की एकाच टेनंटमध्ये फोल्डर करायचे?

युआयपाथ म्हणजे कॉम्प्युटरवरची ठराविक कामं सॉफ्टवेअर रोबोटकडून करून घ्यायचं साधन, आणि ऑर्केस्ट्रेटर म्हणजे ते रोबोट सांभाळणारा भाग. टेनंट म्हणजे त्यातली पूर्ण वेगळी जागा, फोल्डर म्हणजे टेनंटच्या आतला कप्पा. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यातल्या मित्राने परवा विचारलं, खरेदी, अकाउंट्स आणि डिस्पॅच अशा तिघांना तीन टेनंट काढू की एकातच तीन फोल्डर करू. दोन्ही प्रकार वापरून झालेत म्हणून इथेच लिहितो.

एका टेनंटमधले क्यू (रोबोटच्या कामांची रांग), असेट (रोबोटला लागणाऱ्या, साठवून ठेवलेल्या व्हॅल्यू), मशीन (रोबोट चालतो तो कॉम्प्युटर), लॉग दुसऱ्या टेनंटला दिसतच नाहीत. फोल्डरचं तसं नाही, क्यू आणि असेट फोल्डरपुरते राहतात पण मशीन, वेबहुक (काही घडलं की दुसऱ्या सिस्टिमला कळवणारी सोय), क्रेडेन्शियल स्टोअर (पासवर्ड ठेवायची जागा), टाइमझोनचं सेटिंग हे सगळं टेनंटचं, म्हणजे सगळ्या फोल्डरना एकच.

खरी अडचण येते लायसन्सला. अनअटेंडेड लायसन्स (माणूस समोर नसताना रोबोट चालवायचं) टेनंटला वाटून द्यावं लागतं आणि वाटलं की ते तिथेच अडकतं. आमच्या एका क्लायंटचा द्राक्ष आणि कांदा दोन्हीचा व्यापार, दोन धंद्यांना आम्ही दोन टेनंट दिले होते. जानेवारी ते मार्च एक्सपोर्टचा सीझन, द्राक्षाच्या क्यूमध्ये ढीग साचलाय आणि कांद्याच्या टेनंटमधलं लायसन्स नुसतं पडून, दरवेळी अ‍ॅडमिनला फोन करून ते इकडून तिकडे फिरवायचं. शेवटी एकाच टेनंटमध्ये दोन फोल्डर केले, दोन्हीला एकच मशीन टेम्प्लेट (मशीन ऑर्केस्ट्रेटरला जोडायची नोंद) जोडलं, आता जो रनटाइम, म्हणजे रोबोट चालवायची एक लायसन्सची जागा, मोकळा असेल तो पुढचा जॉब उचलतो. हेच आधी करायला हवं होतं.

पण टेस्टिंग आणि लाइव्हसाठी मात्र मी फोल्डरवर अजिबात भरवसा ठेवणार नाही. एके संध्याकाळी घाईत आमच्याच मुलाने टेस्टिंगचा फोल्डर समजून लाइव्ह फोल्डरमधला जॉब चालवला, स्क्रीन तीच, डावीकडच्या यादीत फक्त एक ओळ वर-खाली, आणि खोट्या नंबरची बिलं खऱ्या हिशोबात जाऊन बसली, ती एकेक शोधून काढण्यात आमची रात्र गेली. टेनंट वेगळा असला की क्लाउडवर अ‍ॅड्रेस बारमध्येच टेनंटचं नाव दिसतं, शिवाय लाइव्हचा अ‍ॅक्सेस त्या मुलाला द्यायचाच नाही एवढं केलं तरी पुरतं. यात काम वाढतं हे खरं, पॅकेज (रोबोटच्या कोडची फाइल) तिकडे परत अपलोड करा, क्यू आणि असेट परत बनवा. नावं दोन्हीकडे सारखीच ठेवा, फक्त व्हॅल्यू बदला, म्हणजे कोडला हात लावावा लागत नाही.

दोन वेगळ्या कंपन्यांचं काम असेल तर विचारच करू नका, टेनंट वेगळेच.

मित्राला मी सांगितलं, लाइव्हचा एक टेनंट, त्यात तीन फोल्डर, आणि टेस्टिंगचा टेनंट वेगळा. फक्त टेनंट अ‍ॅडमिनचा रोल मोजून दोघांनाच दे, कारण तो रोल असलेला माणूस स्वतःला कुठल्याही फोल्डरमध्ये घेऊ शकतो, अकाउंट्सच्या पण.