स्टेशनजवळचं जुन्या पुस्तकांचं दुकान, जळगाव – ४ स्टार

एमपीएससीचे गाईड घ्यायला गेलतो, ते काही भेटले नाही पण मार्टी अहतीसारी यांच्यावरचं एक जुनं इंग्लिश पुस्तक सापडलं. दुकानवाले आप्पा बोलले "लई जाय भाऊ, ५० दे". घेतलं. भुसावळच्या पॅसेंजरमध्येच वाचायला सुरू केलं.

हा माणूस म्हणजे फिनलंडचा, जन्म १९३७ चा, लहानपणीच युद्धामुळे गाव सोडावं लागलं, शिकला मास्तरकी आणि १९६० मध्ये चक्क कराचीला वायएमसीए नावाच्या संस्थेत पीटीचे मास्तर तयार करायला गेला, मला तर हेच सगळ्यात भारी वाटलं. पुढे युनोकडून नामिबियाचं काम, १९८९ ला तिथे निवडणूक आणि १९९० ला देश स्वतंत्र. मग स्वतःच्या देशाचा राष्ट्राध्यक्ष, सहा वर्ष. आणि रिटायर होऊन बसला नाही, इंडोनेशियातल्या आचेमध्ये सरकार आणि बंडखोरांचं जवळपास ३० वर्षांचं भांडण चालू होतं, २००४ च्या त्सुनामीनंतर दोन्ही पार्ट्यांना हेलसिंकीत बसवलं आणि २००५ ला करार, तारीख बघा, १५ ऑगस्ट! आमच्याकडे बांधाचं भांडण तीन पिढ्या मिटत नाही. २००८ ला शांततेचं नोबेल.

एक स्टार यासाठी कापला की युरोपातल्या कोसोवोवरच्या चॅप्टरची पानंच फाटलेली निघाली, आप्पांना सांगितलं तर हसले आणि २० रुपये परत दिले. दुकानात पंखा नाही, मे महिन्यात दुपारी जाऊ नका.