दहा महिने, पाच फूट एक इंच आणि एक साईड स्टँड

तीन-साडेतीन आठवड्यांपूर्वी माझी गाडी उभ्या उभ्या पडली. मी गाडीवर नव्हतो, गोठ्यात होतो. डावा हात खांद्यापर्यंतच्या मोज्यात, मोजा म्हशीत, उजव्या हातात रेतनाची गन. या अवस्थेत माणूस कुठं धावू शकत नाही. बाहेर धाडकन आवाज झाला आणि म्हशीचा मालक ओरडला, "डॉक्टर, गाडी पडली तुमची! धूर निंगून रायला!"

धूर कसला, नत्र सांडत होतं. मी आतूनच ओरडलो, "हात नका लावू आतल्याले! कड्याले धरून फक्त उभं करा!"

डॉक्टर मी नाही. अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर-अंजनगाव भागात गावोगाव फिरून गाई-म्हशी भरवून देतो, म्हणजे कृत्रिम रेतन करतो. भरवलेली म्हैस तीनेक आठवड्यांनी पुन्हा माजावर आली, म्हणजे गाभण राहिली नाही, तर ती 'उलटली' म्हणतात. पण गन हातात धरणाऱ्या कोणालाही गावात डॉक्टरच म्हणतात. गाडीच्या मागं लोखंडी कड्यात तीन लिटरचं कंटेनर असतं, त्यात उणे 196 अंशांचं द्रवरूप नत्र आणि नत्रात रेतमात्रा, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या मात्रा. कंटेनर आडवं झालं की नत्र सांडतं, नत्र संपलं की रेतमात्रा गेल्या. एकदा वितळलेली रेतमात्रा पुन्हा गोठवून काही उपयोग नसतो. म्हणून गाडीच्या या अनुभवात मी साईड स्टँडवर जरा जास्त बोलणार आहे. इंजिन, मायलेज, पिकअप यांवर सगळ्यांनी लिहून ठेवलंय, त्यात माझी भर नाही. दीडशे सीसीची, मागं दोन शॉकअपवाली साधी गाडी आहे. नाव लिहीत नाही, कारण जे झालं त्यात गाडीचा दोष नाही.

गाडी मला फुकट मिळाली. साळा पुण्याला नोकरीला लागला, त्यानं कार घेतली आणि गाडी बहिणीच्या दारात आणून लावली. साळा पाच फूट अकरा. मी पाच फूट एक, तेही सकाळी मोजलं तर. गाडीची सीट 800 मिलिमीटर. स्प्लेंडरची 785 असते, तिच्यावर मी पंजे टेकवून निभावून नेलं होतं. म्हटलं दीड सेंटीमीटरनं काय होतं? दीड सेंटीमीटरनं काय होतं ते पहिल्याच आठवड्यात कळलं. जूनमधला पहिला पाऊस पडून गेला होता, पांदण रस्त्यावर समोरून बैलगाडी आली, मी थांबलो, डावा पाय खाली टाकला, तर खाली चाकोरी. पाय जमिनीला लागेपर्यंत गाडी कलली होती, आणि कललेली गाडी माझ्या वजनाच्या माणसाला सावरत नसते.

बायको म्हणाली, "स्कूटी घ्या, कायले त्या गाडीच्या मांगं लागता?" आमच्या खारपाणपट्ट्यातली काळी माती ज्यानं पावसाळ्यात पाहिली नाही त्यानं हा सल्ला द्यावा. ती माती चाक आणि मडगार्डच्या मधे अशी भरते की चाक फिरायचं थांबतं. छोट्या चाकाची गाडी तर तिथंच रोवली जाते. शिवाय फुकटची गाडी दारात असताना नवी घेणारा माणूस मी नव्हे. अव्हेंजरची सीट 737 ची आहे, माहीत आहे. तीही कोणी फुकट दिली तर बघू.

तर पहिला इलाज सीटचा. सीटवाल्यानं रेक्झिन काढलं, ग्राइंडरनं वरून एक इंच फोम छिलला, पुन्हा रेक्झिन ताणून बसवलं. साडेचारशे रुपये. पाय थोडे जास्त टेकायला लागले, पण वीस किलोमीटरनंतर खालचा प्लास्टिकचा तळ थेट हाडाला भेटायला लागला. बरं, पाय टेकतात हा आनंदही अर्धाच. मग एका जुन्या ट्रॅक्टर मेकॅनिकनं मला गाडीवर बसवलं, मागून पाहिलं आणि म्हणाला, "सीट उंच नाई भाऊ, रुंद हाय. मांड्या फाकून रायल्या तुमच्या, पाय सरळ खाली कसा जाईन?" पुन्हा सीटवाल्याकडं गेलो. यावेळी टाकीजवळच्या दोन्ही कडा उतरत्या छिलून घेतल्या, वरून काही नाही. त्याचे दीडशे. आणि अहो, फरक पडला तो इथं. पहिल्या इंचभर छिलाईपेक्षा या दोन कडांनी पाय जास्त खाली पोचवले. ज्याला सीट करायची आहे त्यानं आधी कडा छिलाव्या, मग बसून बघावं आणि वरचा फोम शक्यतो तसाच ठेवावा. माझा गेला तो गेला. आता उशीचा तुकडा घालून बसतो, म्हणजे छिललेलं थोडं परत वर आलं. हसू नका.

हँडलचे चार बोल्ट सैल करून ते थोडं आपल्याकडं फिरवून घेतलं, क्लच-ब्रेकच्या दांड्या जरा खाली केल्या. खर्च शून्य. हे काम आधी का नाही केलं याचं मला अजून वाईट वाटतं.

इथवर थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण जुलैत हाव सुटली. भंगारातून वीस मिलिमीटर आखूड शॉकअपची जोडी मिळाली, सातशे रुपयांत. बसवली. गाडी खाली आली, दोन्ही पंजे टेकले, मी खूश. ऑगस्टपर्यंत ओळखीच्या प्रत्येक बुटक्या माणसाला मी सांगत सुटलो होतो की शॉकअप बदला, बाकी काही करू नका. ते शब्द परत घेतो. एकानं माझं ऐकून बदलले, त्याची माफी समक्ष मागितली आहे.

एक तर मागची बाजू दबली की पुढचा लाईट आभाळाकडं बघतो. रात्री समोरून येणारे मला जे बोलायचे ते इथं लिहिता येत नाही. लाईट खाली करून घेतला, पण हँडलही हलकं वाटायचं, वळणावर गाडी आळस करायची. पुढचे फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे दोन दांडे, त्यांना धरणाऱ्या टीमधून वर सरकवून गाडी पुढूनही तेवढीच खाली घ्यायला हवी होती, पण माझ्या गाडीत हँडल आडवं येतं. बायकोला मागं घेऊन ऋणमोचनच्या यात्रेला जायचं होतं, त्याआधी दिवाळीलाच माहेरी नेताना प्रत्येक खड्ड्यात टायर मडगार्डला घासला. ती काही बोलली नाही, नुसतं "स्कूटी" एवढंच म्हणाली. चेनचंही तसंच. शॉकअप बदलले की चेनचा ताण बदलतो. गाडीवर माणूस बसवून तपासावा लागतो, नुसत्या उभ्या गाडीवर नाही.

पण मुख्य गोष्ट स्टँडची.

गाडी खाली आली की साईड स्टँड तिच्या मानानं लांब होतो. गाडी जवळजवळ सरळ उभी राहते, उजवीकडं ढकललं की गेली. म्हशीनं शेपटी हाणली तरी पडेल अशी. मिस्त्रीकडं नेली. त्यानं विचारलं, "सीट किती खाली आली भाऊ?" मी हिशोब दिला, फोमचे पंचवीस मिलिमीटर, शॉकअपचे वीस. तो म्हणाला, "मंग पंचेचाळीस कापा लागते. हिसाब सोपा हाय." कटर फिरला, स्टँड कापला, टोक पुन्हा जोडलं. मीही मान हलवली. बारावीला गणितात एक्क्याहत्तर होते मला!

हिशोब कुठं चुकला ते सांगतो. फोम छिलल्यानं गाडी खाली येत नाही, माणूस खाली येतो. म्हणजे फोमचे पंचवीस मिलिमीटर स्टँडच्या हिशोबात धरायचेच नाहीत. राहिले वीस. तेही मागच्या चाकाशी. पुढचं चाक होतं तिथंच, आणि स्टँडचा बिजागर दोन्ही चाकांच्या मधोमध, म्हणजे तिथं गाडी खाली आली जेमतेम दहा. कापायला हवा होता एक सेंटीमीटर, फार तर थोडा जास्त. कापला साडेचार. पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी गाडी डावीकडं लवंडून राहायला लागली. तेवढी लवंडलेली गाडी सरळ करायला उंच माणसाला काही वाटत नाही. मला मात्र पंजावर उभं राहून ढकलावी लागायची. ज्या पायांसाठी एवढा खटाटोप, त्यांनाच नवं काम लावलं. त्यात पाऊस. काळ्या मातीत स्टँडचं टोक सुरीसारखं आत जातं, गाडी आणखी कलते, आणि मागं कंटेनर. पंधरा दिवस मी खिशात फरशीचा तुकडा घेऊन फिरलो.

वेल्डरकडून तीस मिलिमीटरचा तुकडा परत जोडून घेतला आणि खाली हातभर नसली तरी भाकरीएवढी लोखंडी पट्टी. ही पट्टी मात्र उत्तम. मातीत रुतत नाही, उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडल्या की भेगेतही जात नाही. तुरीच्या धसकटात अडकते, चिखल गोळा करते, पण काळ्या मातीत गाडी लावणाऱ्यानं उंची काहीही असो, पट्टी लावावीच. पुढं दिवाळीनंतर मूळ शॉकअप परत बसवले, तेव्हा स्टँड पुन्हा आखूड. पुन्हा पंधरा मिलिमीटरचा तुकडा. वीतभर स्टँडवर दोन तुकड्यांचे जोड झाले. तो मार्चमध्ये मोडला. चिखलात नाही, भेगेत नाही, चक्क गोठ्यापुढच्या सिमेंटच्या कोब्यावर. म्हशीची वगार अंग घासायला आली होती म्हणे.

तुम्ही म्हणाल, डबल स्टँड नव्हता का? होता. आखूड शॉकअपवर गाडी आणखी उचलावी लागते, तेव्हा तो लावायचा सोडला, तो सोडलाच. नंतर कळलं की हातानं ओढायचं नसतंच, सगळं वजन उजव्या पायावर स्टँडच्या दांडीवर टाकायचं, गाडी आपोआप चढते. बावन्न किलोच्या माणसालाही जमतं.

हे लिहायला बसलो तेव्हा वेल्डरला दोन शब्द सुनवायचे होते. पण मधेच एका सकाळी नव्या स्टँडवर गाडी लावून बघत होतो, मी गाडीवर चढतो कसा. मागं कंटेनर असल्यानं पाय मागून फिरवता येत नाही. म्हणून गाडी साईड स्टँडवर असतानाच मी डाव्या फूटरेस्टवर उभा राहतो, घोड्यावर चढावं तसा, आणि मग उजवा पाय टाकीवरून पलीकडं. म्हणजे दिवसातून दहा-पंधरा वेळा माझं सगळं वजन अधिक गाडीचं वजन त्या जोडांवर. सात महिन्यांत किती वेळा झालं ते मोजत नाही. वेल्डर सुटला. आता गाडी आधी सरळ करतो, पुढचा ब्रेक दाबून धरतो, मग पाय टाकतो. शिकायला चार दिवस लागले, एकदा पायजमा अडकला.

नव्या स्टँडचे एकशे नव्वद रुपये. कंपनीच्या मापाचा, अख्खा, पट्टी तेवढी जुनीच लावली. मूळ शॉकअप, छिललेली सीट आणि मूळ स्टँड असं सगळं जुळल्यावर गाडी अगदी नीट उभी राहते. म्हणजे फक्त सीट छिलून जूनमध्येच गप्प बसलो असतो तर ती अशीच उभी राहिली असती. शॉकअप, कापणं, जोडणं, पुन्हा जोडणं मिळून हजाराच्या वर गेले. फुकटच्या गाडीवर!

मागच्या शॉकअपचं स्प्रिंग कसायचं कडं सर्वांत सैल खाचेत ठेवलंय. एकट्यानं बसलो की शॉकअप आपोआप दबतो, तेवढा पाय टेकतो. बायको बसली की दोन खाचा कसतो. चप्पल शिवणाऱ्या काकांकडून बुटांना अर्धा इंच टायरचा तळवा लावून घेतला, तो कुठल्याही शॉकअपपेक्षा स्वस्त आणि गाडीला हात न लावणारा. थांबताना दोन्ही पाय टेकवायचा हट्टही सोडलाय. डावीकडं थोडं सरकून एक पाय पूर्ण टेकवला की पुरतं. थांबायची जागा मात्र आधीच हेरतो. डावीकडं उंचवटा आहे का, चाकोरी नाही ना. चौकात लोकांना वाटतं मी ओळखीचं माणूस शोधतोय.

त्या दिवशी नत्र निम्म्याहून जास्त गेलं. मापाची पट्टी बुडवून पाहिली तर चार बोटं उरलं होतं, रेतमात्रा ठेवायच्या डब्यांचे, म्हणजे कॅनिस्टरचे, बूड बुडालेले होते, म्हणून रेतमात्रा वाचल्या. रात्रभर कंटेनर अंगणात ठेवून बाहेरून दंव धरतंय का ते पाहत बसलो. दंव धरलं असतं तर कंटेनरच्या दोन भिंतींमधली निर्वात पोकळी फुटली म्हणून समजायचं आणि कंटेनर भंगारात. नाही धरलं. पहाटे चारला झोपलो.

काल त्या गोठ्यावरून गेलो. बावीस दिवस झाले, मालक ओट्यावर बसला होता. म्हणाला, "डॉक्टर, गाडी उलटली तुमची, पण म्हैस नाई उलटली अजून."