फास्टमेल: ईमेलसाठी पैसे मोजावेत का?

मी अनुवादाची कामं घेते. क्लायंट देशभर पसरलेले, बोलणं सगळं ईमेलवर. म्हणून पत्ता स्वतःच्या डोमेनवर (म्हणजे @ नंतर आपलंच नाव असलेला) हवा आणि जुनी मेल चटकन सापडायला हवी, एवढंच मागणं होतं. फास्टमेल या पैसे भरून घ्यायच्या ईमेल सेवेने ते पुरवलं. आधीच्या ठिकाणची सगळी मेल त्यांनीच आयमॅपवरून (सर्व्हरवरची मेल वाचायची जुनी, सर्वमान्य पद्धत) ओढून घेतली, फोल्डर आणि तारखांसकट.

खरी मजा मोबाइल ॲपमध्ये. कोकण रेल्वेने जाताना करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, रेंज पार जाते. बाहेर पडलं की यादी लगेच ताजी! याचं श्रेय जेमॅप या प्रोटोकॉलला, म्हणजे ॲप आणि सर्व्हर यांच्या बोलण्याच्या ठरलेल्या नियमांना. आयमॅप १९८६ च्या सुमाराचा. तेव्हा खिशातल्या फोनचा प्रश्नच नव्हता. त्यात जोडणी धरून ठेवावी लागते, तीही एका वेळी एकाच फोल्डरवर. जेमॅपमध्ये ॲप सर्व्हरला विचारतं, ‘मी इथवर पाहिलंय, नंतर काय बदललं?’ आणि तेवढंच मागवून घेतं.

मेलबर्नच्या या कंपनीने जेमॅप स्वतःपुरता ठेवला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. तो इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेकडे नेला आणि २०१९ मध्ये आरएफसी ८६२० व ८६२१ या तिच्या दस्तऐवजांतून तो खुलं मानक झाला. सायरस, स्टॉलवर्ट यांसारख्या मुक्त मेल-सर्व्हर सॉफ्टवेअरमध्येही तो आहे. ईमेल टिकायचा असेल तर असंच व्हायला हवं, नाहीतर प्रत्येक कंपनी आपापलं कुंपण घालेल. जीमेल आणि आउटलुकने मात्र तो अजून घेतलेला नाही, याचं वाईट वाटतं. एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे मेल पोचवण्याचं काम तर सगळीकडे १९८२ च्या एसएमटीपी या प्रोटोकॉलवरच चालतं.

मास्क्ड ईमेलही जरूर वापरा. प्रत्येक दुकानाला वेगळा पत्ता द्यायचा. एका साडीवाल्या साइटला दिलेल्या पत्त्यावर जाहिरातींचा पूर आला, तो पत्ताच बंद केला.

मोफत योजना नाही, फक्त चाचणीची मुदत मिळते. एंड-टू-एंड एन्क्रिप्शनही नाही, म्हणजे मेल फक्त पाठवणारा आणि घेणाराच वाचू शकेल अशी सोय नाही; पत्रकार किंवा वकील असाल तर प्रोटॉन ही ईमेल सेवा बघा. बाकी ज्यांचं पोट ईमेलवर चालतं त्यांनी बिनधास्त घ्यावं, फक्त डोमेन स्वतःच्या नावावर घ्या. उद्या फास्टमेल सोडलं तरी पत्ता तुमचाच राहील.