शॉकलीचं नाव नोट्समध्ये ठेवावं की गाळावं?

डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवताना मी दोन्ही करून पाहिलंय. बरीच वर्षं विल्यम शॉकली या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाचं नाव ठेवलं, मग दोन वर्षं गाळलं. यंदा नव्याने नोट्स लिहायला बसलेल्यांना माझा अनुभव कामी यावा.

माणूस कसा होता हे बहुतेकांना ठाऊक आहे. ट्रान्झिस्टरसाठी (विजेचे संकेत वाढवणारा छोटासा भाग) १९५६ चं नोबेल, आणि साठच्या दशकापासून कृष्णवर्णीयांची बुद्धी जन्मतःच कमी असते हा प्रचार. कमी बुद्ध्यांकाच्या लोकांनी नसबंदी करून घेतली तर त्यांना पैसे द्यावेत, असंही त्याने सुचवलं होतं. जातीवरून आपली बुद्धी जोखली जाते, हे सोसून आलेली मुलं माझ्या वर्गात बसतात. त्यांच्यासमोर हे नाव फळ्यावर लिहिताना हात अडखळायचा. म्हणून गाळलं.

गाळल्याने तास सुरळीत होतो, हे मान्य करायला हवं. ‘शॉकली समीकरणा’ऐवजी ‘डायोडचं समीकरण’ (डायोड म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) म्हटलं तरी गणित अडत नाही.

पण तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका मुलीला विचारलं, “हे समीकरण कोणाचं?” ती जरा थांबली आणि म्हणाली, “आमच्या सरांचं.” नोट्सच्या पहिल्या पानावर एकच नाव होतं, माझं. मला ते फार लागलं. शॉकलीला नाकारायला गेलो आणि त्याचं काम माझ्या खात्यात जमा झालं.

घरी नोट्स पुन्हा चाळल्या. ‘बेल लॅब्समध्ये ट्रान्झिस्टर तयार झाला’ या माझ्या वाक्यातून त्या अमेरिकन प्रयोगशाळेतले शॉकलीचे सहकारी जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटनही गेले होते. प्लास्टिकच्या पाचरीवर सोन्याचा वर्ख लावून, टोकाशी बारीक चीर देऊन, ती जर्मेनियमवर स्प्रिंगने दाबली आणि डिसेंबर १९४७ मध्ये पहिला ट्रान्झिस्टर चालवला तो या दोघांनी. प्रसिद्धीच्या फोटोत मात्र ब्रॅटनच्या टेबलाशी शॉकली बसलाय, हे दोघं मागे उभे. त्यांच्यावरच्या अन्यायात मी भरच घातली होती.

नावाखाली त्याच्या विचारांची टीप जोडणं हा तिसरा मार्ग. एकदा करून पाहिला. निम्मा तास त्याच्यावरच गेला, बायसिंग (ट्रान्झिस्टरला योग्य व्होल्टेज देणं) हा धडा राहून गेला. ज्यांच्याकडे तास भरपूर आहेत त्यांना जमेलही.

सध्या माझा कल नाव ठेवण्याकडे आहे, पण नेमक्या कामापुरतं. त्या पहिल्या, म्हणजे पॉइंट-कॉन्टॅक्ट ट्रान्झिस्टरसमोर बार्डीन आणि ब्रॅटन, नंतरच्या जंक्शन ट्रान्झिस्टर आणि डायोडच्या समीकरणासमोर शॉकली. ‘थोर’, ‘जनक’ हे शब्द काढले, फोटोही काढला. कोणी विचारलं तर तास संपल्यावर त्याचे विचार काय होते आणि ते चूक का, हे बसून सांगतो. ज्यांना ते नाव लिहिणंच नको वाटतं त्यांचा त्रास मला कळतो, आणि शाळेतल्या मुलांपुरतं गाळणं कदाचित बरंही. पुढे इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांना मात्र पुस्तकात ते भेटणारच आहे. ते आधी माझ्याकडून कळलेलं मला बरं वाटतं.